बसलेल्या एकेचाळीस

गाय कशी उठते, यावरून मी तिचा निम्मा आजार ओळखते. आधी मागचा भाग वर, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर भार, मग एकेक पुढचा पाय. जनावरांची डॉक्टर म्हणून वीस वर्षं हेच बघतेय. माझे पेशंट तोंडाने काही सांगत नाहीत, त्यामुळे स्वभाव संशयी झालाय. माणसांच्या बाबतीत तो जास्तच उपयोगी पडतो.

ताई चार महिने झोपली नव्हती. डोळ्याला डोळा नाही, अंगाची नुसती काडी झालेली. मग भाऊजी फोनवर म्हणाले की आता ती रोज दुपारी दोन तास गाढ झोपते, तीही गोठ्यात. चांगली बातमी सांगताना माणूस इतका चाचरत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. ते तिला गुपचूप गोळ्या देत असणार, अशी माझी खात्री झाली. गायी पुरेशा बसल्या नाहीत तर दूध घटतं, तेव्हा त्या किती बसतात ते तपासते, असं निमित्त काढून मी येऊन थडकले.

आल्या आल्या फडताळ, डबे, भाऊजींच्या कोटाचे खिसे, सगळं पालथं घातलं. झोपेच्या गोळ्यांची बाटली सापडली. तिचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

दुपारी चाऱ्याच्या माळ्यावर कागद घेऊन बसले. दर दहा मिनिटांनी किती बसल्या, किती उभ्या, ते लिहायचं. कळप कधी एकदम बसत नाही. एखादी जुनी गाय बसते, मग तिचं बघून बाकीच्या, आणि दोन-चार आगाऊ उभ्याच राहतात. इथे चाळीसच्या चाळीस उभ्या होत्या. ताई आली, भिंतीशी चटई टाकून आडवी झाली, आणि सगळ्या एकदम बसल्या. मधोमध एका गायीएवढी जागा सोडून.

भाऊजी म्हणाले, ती म्हातारीची जागा. कळपाची पुढारीण. चार महिन्यांपूर्वी ती तिथेच बसल्या बसल्या गेली. ताईने तिला वासरू असल्यापासून वाढवलेली. गायींना जागेची सवय असते, यात नवल काहीच नाही, असं मी त्यांना समजावलं. ते आपले बूट पुसत राहिले. बूट आधीच स्वच्छ होते.

गायी चरायला गेल्यावर मी त्या जागेला हात लावून पाहिला. फरशी कोमट होती, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी. आजूबाजूची थंड होती.

दुसऱ्या दिवशी ताईची चटई भिंतीपासून बरीच आत आली होती. तिथे वारा लागतो, म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मला पोहोचायला उशीर झाला. माळ्यावर गेले तेव्हा कळप बसलेला होता. घाईने पाठी मोजल्या. एकेचाळीस. पुन्हा मोजल्या. एकेचाळीस.

भाऊजी खाली फाटकाशी उभे होते.

"गायी किती आहेत, भाऊजी?"

"चाळीस."

"नीट मोजल्यात?"

"मोजायचं सोडलंय मी," ते म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी खाली उतरले. अनोळखी माणूस मधून चालला की गायी उठतात. एकही उठली नाही.

ताई म्हातारीच्या जागेवर होती. चटई नव्हती. पाय पोटाशी घेतलेले, एका गायीची मान तिच्या पाठीवर. चेहरा भरला होता, गालांवर रंग आला होता. किती महिन्यांनी माझी बहीण मला बरी दिसत होती. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच भीती वाटली.

"ताई, चल. माझ्याकडे राहा थोडे दिवस."

"इथे झोप लागते गं."

"तिथेही लागेल."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिचा जबडा संथपणे हलत होता.

"बरं," ती म्हणाली.

आधी तिचा मागचा भाग वर आला. क्षणभर भार कोपरांवर. मग एक हात. मग दुसरा.

माझ्याभोवती चाळीस गायी तशाच उठत होत्या.

ती तशीच हातापायांवर उभी राहिली. मीही हलले नाही. सवयीने मी फक्त तिचं उठणं बघितलं. अगदी निरोगी होतं.