दवाखाना पावलांमागे जातो

भैरवनगरचा दवाखाना दर सोमवारी जागा बदलतो, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. रेशन दुकान, औषधांचं दुकान, बँक, सगळंच चाकांवर आहे. मोटारी वेशीबाहेर थांबल्या त्याला अकरा वर्षं झाली. लोक चालतात, कारण हवं ते दहा मिनिटांच्या अंतरावर असतं.

ही किमया नगररचनाकार डॉ. वैदेही सबनीसची. तिनं प्रत्येक गल्लीच्या फरशीखाली पाऊलपट्टी पुरली. पाऊल पडलं की पट्टी किंचित दबते आणि ते मोजलं जातं. पावलं जास्त तिथे वावर जास्त, आणि वावर जास्त तिथे गरज जास्त, असं तिचं साधं गणित. दुकानं, दवाखाने आपोआप तिकडे सरकतात. निर्णय माणसांच्या हाती दिला तर नगरसेवक दवाखाना आपापल्या दारात ओढतील, म्हणून हातानं बदल करायची सोयच तिनं ठेवली नव्हती. याचाही तिला अभिमान होता.

एकदा आकडे पाहताना तिला दिसलं, की कुंभार गल्लीत एकच माणूस रोज चार हजार पावलं टाकतंय. पट्टीला नाव कळत नाही, पण वजन आणि लय कळते. ही लय सत्तरीपुढची होती. वैदेहीला भरून आलं. ती शाल-नारळ घेऊन सत्काराला स्वतः निघाली.

गल्लीत एक म्हातारी भिंतीला धरून फेऱ्या मारत होती. डाव्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली, तीही ओली झालेली. हौसाबाई नाईकवडी तिचं नाव.

"आजी, बसा आधी! पायाला काय झालं?"

"खिळा रुतला. साखर हाय मला, जखम भरंना. दवाखाना हितं कोपऱ्यावर हुता तवर रोज मलमपट्टी व्हायची. गेला की त्यो."

"आजाऱ्यांसाठी गाडी असते ना?"

"ती बी त्याच्यासंगं गेली."

"मग अशा पायानं चालता कशाला?"

"पावलं पडली की दवाखाना येतोय म्हनं. तरनी सगळी गेली गल्ली सोडून. आमी तिघी म्हाताऱ्याच ऱ्हायलो. त्या दोघी हातरुनात. त्यांच्या वाटची बी मीच टाकते."

वैदेहीनं फोनवर दवाखाना शोधला. तो पार दुसऱ्या टोकाला केतकी सोसायटीत होता, तिच्याच घरासमोर. तिथे सगळे धडधाकट, आणि जेवणानंतर शतपावली न चुकता करणारे. शंभरावर थांबतो कोण? तासभर गोल गोल फिरायचं, गप्पा मारायच्या. अन्न जिरवायला टाकलेलं पाऊल आणि औषधासाठी टाकलेलं पाऊल, पट्टीला दोन्ही सारखीच. जो अंथरुणातून उठू शकत नाही, त्याची पावलं शून्य. म्हणजे तिच्या गणितात त्याची गरजही शून्य. समोरचा डॉक्टर दिवसभर पेपर वाचतो, म्हणून परवाच ती नवऱ्यापाशी हसली होती.

तिचे कान तापले. हातातली शाल कुठे लपवावी ते तिला कळेना. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

"मी वेशीवरून गाडी बोलावते," ती कशीबशी म्हणाली. "तुम्हाला दवाखान्यात नेते."

"मला न्याल. त्या दोघींचं काय? गाडी येईस्तवर आजची पावलं तरी पुरी करते." हौसाबाई उठल्या. "ताई, तुमी शिकलेल्या. अजून किती पडली म्हंजी येतोय त्यो?"

वैदेहीला आकडा पाठ होता. केतकीची रोजची पावलं बावन्न हजार, आणि त्यांतली सहा हजार तिची स्वतःची. ते म्हातारीच्या तोंडावर सांगायचं तिचं धाडस झालं नाही.

"थोडीच राहिलीत, आजी," ती पुटपुटली.

हौसाबाईंचा चेहरा खुलला. भिंतीचा आधार सोडून त्या भराभरा चालू लागल्या.