पंख्याचा आवाज वजा केल्यावर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी भाग्येशने एकदाचा पंखा गप्प केला.

काम तसं दहा ओळींचं, पण वर्षभर आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलेलं. सुरतहून आणलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड, त्यावर दोन पंखे. कॉम्प्युटरवर लिनक्स सुरू झालं की ते जे कोकलायला लागत, ते बंद करेपर्यंत. भाग्येश पुण्याच्या कंपनीचं काम कोरीट गावातल्या घरी बसून करायचा, पंख्यांना शिव्या घालायचा आणि हेडफोन चढवायचा. आज सुट्टी म्हणून त्याने बसून छोटी स्क्रिप्ट लिहिली. कार्ड पन्नास अंशांखाली असेल तर पंखे बंद, पुढे तापेल तसा वेग. एंटर दाबलं तशी घरघर खाली आली आणि थांबली. मग घर केवढं रिकामं आहे ते त्याला ऐकू आलं, आणि वाटलं, उगाच थांबवलं.

गेल्या आखाजीनंतर आठवड्याभरात त्याचे वडील, सुपडू आबा, गेले होते. अर्धांगाने पलीकडच्या खोलीत खाटेवर असायचे. त्या दिवशी जेवणं झाल्यावर भाग्येश कामाला बसला, चार वाजता चहा घेऊन गेला, तर आबा नव्हतेच. झोपेतच गेले, असं त्याने सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. त्याला स्वतःला मात्र ते कधी पटलं नाही. मधे एक भिंत आणि एक उघडं दार. आबांनी हाक मारली असेल का? एवढंच त्याला कळायला हवं होतं, आणि सांगणारं कोणी नव्हतं.

खापरहून बहिणीचा, शीलाताईचा, फोन आला. माणूस गेल्यावरच्या पहिल्या आखाजीला त्याच्या नावाने पाण्याची घागर भरायची आणि निखाऱ्यांवर नैवेद्याचा घास, म्हणजे आगारी, टाकायची असते, तिला त्याचीच काळजी.

"आबानी घागर भरी का रे भाऊ?"

"सकायलेच भरी, ताई. वर खरबूज ठेवं. आगारी बी टाकी."

"एकलाच व्हता का तू?"

"हां."

 तिने फोन ठेवला.

आपली स्क्रिप्ट इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून त्याने लिनक्सवाल्यांचा ग्रुप उघडला. तिथे त्याची जुनी पोस्ट वर आली होती. मागे पंख्याची घरघर मोबाइलवर रेकॉर्ड करून त्याने विचारलं होतं, हा आवाज कसला? तेव्हा कोणी उत्तरही दिलं नव्हतं. आज शहाद्याच्या पवनने उत्तर दिलं होतं.

"बेअरिंग गयं. पन पहिले त्या बाबाले पानी दे रे भो, कव्हयना मांगी ऱ्हायना."

भाग्येशने पोस्टची तारीख पाहिली. आबा गेले तोच दिवस. दुपारचे दोन चाळीस.

त्याला आठवलं. मोबाइल कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला लावून तो दोन मिनिटं दाराकडे पाठ करून उभा होता, दुसरा कुठलाच आवाज येऊ नये म्हणून श्वाससुद्धा हळू घेत.

त्याने ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. नुसती घरघर. मग त्याने आवाज साफ करणारा प्रोग्राम लावला. सुरुवातीची नुसती घरघर त्याला नमुना म्हणून दिली आणि पूर्ण फाइलमधून तेवढी वजा करायला सांगितलं. हे काम कार्डाचंच. साठ अंश, सत्तर... गप्प केलेले पंखे पुन्हा हळूहळू फिरू लागले. काही सापडू नये असं त्याला वाटत होतं, आणि आबांचा आवाज एकदा तरी ऐकावा असंही वाटत होतं.

फाइल तयार झाली. त्याने हेडफोन चढवले.

आधी काहीच नाही. मग खाट करकरली. मग लांबून, ओढलेल्या जिभेने...

"भाग्या... ए भाग्या... पानी दे रे..."

तीन वेळा. भाग्येशने तोंडावर हात दाबला आणि लहान मुलासारखा रडला. म्हणजे मारली होती हाक. दहा पावलांवर तो पंखा ऐकत उभा होता आणि बाप पाणी मागत होता.

रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. चपला घासल्याचा आवाज आला. पेला माठावर वाजला.

"हां आबा... उनू."

'आलो' म्हणणारा आवाज त्याचाच होता. शब्द ओढायची तीच लकब. पण तो जागचा हलला नव्हता... मोबाइल त्याच्याच हातात होता...

घोट घोट पाणी प्यायल्याचा आवाज. बराच वेळ. मग आबा बोलले, अगदी हळू. इतकं घाबरलेलं त्यांना त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"तू कोन शे रे?... मन्हा भाग्या तं तठे उभा शे... पाठ करीसन..."