एक कौल राहिलं

डोक्यावरची घागर सावरत इंद्रायणी घरात शिरली आणि जागीच थबकली. चुलीच्या वर, छपरातून दोन पाय लोंबकळत होते!

"अगं बाई! कोण रं तू?" तिनं फुंकणी उचलली.

"सेवेकरी..." वरून आवाज आला. "कौलाखालची रीप मोडली पायाखाली. जरा — शिडी देता का?"

"सेवा करणारा घर फोडतो व्हय?"

बाहेर बाजेवर आबाजी खो-खो हसले. बैलगाडीखाली सापडून त्यांचे दोन्ही पाय गेले होते. तळवड्याचं भजनी मंडळ दर उन्हाळ्यात अशा अपंगांची, म्हाताऱ्याकोताऱ्यांची घरं शाकारून द्यायचं. देवाला हार नंतर, आधी माणसाच्या डोक्यावर छप्पर, असं त्यांचे म्होरके दत्तोबा म्हणत. यंदा पाळी आबाजींची. पण म्हाताऱ्यानं लेकीला ताकास तूर लागू दिली नव्हती.

पायांचा धनी ज्योतीराम. पिंपरीच्या औषधाच्या नव्या कारखान्यात कामाला, रविवार मंडळाचा. ऊन मी म्हणत होतं, म्हणून तिनं ताक आणलं, तर गड्यानं हात जोडले.

"नेम हाय मंडळाचा. ज्या घरची सेवा, तिथलं पाणीबी घ्यायचं न्हाई."

"का? आमचं पाणी कडू हाय?"

"गोडच असंल... म्हणून तर भ्या वाटतंय."

बघा, उत्तर तरी! ती फणकाऱ्यानं वळली खरी, पण गाल तापले होते.

पुढच्या रविवारी तिनं मुद्दाम वाळा घातलेल्या पाण्याचा तांब्या शिडीपाशी ठेवला. त्यानं पाहिलं, आवंढा गिळला आणि मारुतीच्या विहिरीकडे चालू लागला. ती पोट धरून हसली. मात्र सोमवारपासून ती रविवारचीच वाट बघू लागली होती.

पण तिनं दोन स्थळं परत धाडली होती, ती उगाच नव्हे. आबांना उचलून उंबऱ्यापर्यंत आणणारं तिच्याशिवाय कोण होतं? हा आवडला, फार आवडला... पण आवडून करायचं काय?

तिसऱ्या रविवारी काम उरकलं. मंडळी टाळ घेऊन निघाली. चुलीपाशी मात्र उन्हाचा एक चौकोन पडला होता.

"अवो, एक कौल राहिलं!"

"राहिलं न्हाई. ठेवलंय." तो शिडीवरच थांबला. "ते बसवलं की सेवा संपली. मग यायचं कशाला — सांगा की."

इंद्रायणीनं नजर खाली घेतली नाही. "मी आबांना सोडून कुठं जायची न्हाई. आधीच सांगते."

"सोडा म्हणतंय कोण? मला ना आई, ना बाप. सायकल हाय, इथनं पिंपरीला जाईन."

"लोक घरजावई म्हणतील."

"म्हणू द्या. छप्पर माझ्या हातचं हाय, खाली ऱ्हायला लाज कसली?"

तिनं छपरातल्या भोकाकडं बोट केलं. मग म्हणाली, "आधी ते कौल बसवा."

त्याचा चेहरा उतरला. मुकाट्यानं वर चढून त्यानं कौल बसवलं. उन्हाचा चौकोन गेला. तो खाली आला, तर समोर ती तांब्या घेऊन उभी.

"सेवा संपली," ती म्हणाली. "हे पाणी सेवेकऱ्याला न्हाई... घरच्या माणसाला हाय."

त्यानं तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली घेतला.

बाहेरून आबाजी ओरडले, "पोरी, नुसतं पाणी काय देतीस? जावयाला गूळ दे!"