भट्टीमागचा दुसरा स्क्रू

दसऱ्याच्या सकाळी पांढुर्ण्यात उर्मिलाबाईंच्या बेकरीतली विजेची भट्टी फट्कन आवाज होऊन बंद पडली. मागून धूर निघाला. पाव कच्चेच राहिले.

दुपारी सौंसरहून नत्थूजी वायरमन आला. सप्तमीला भट्टी त्यानेच दुरुस्त केली होती. वीजखात्याचे तपासनीस भगवंतराव कागद तयार करूनच बसले होते.

"सही करा. तुमच्या हातून स्क्रू ढिला राहिला. परवाना जाईल, पण पोलिसांत जायचं काम नाही."

"पाहिल्याशिवाय नाही करत."

दारात गावातला वायरमन मुकुंद उभा होता. "घरवाली गेली तेव्हापासून त्यांचे हात थरथरून राहिले, साहेब. सारा गाव जाणते."

"हात माझे आहेत. थरथरले तर मीच सांगीन," नत्थूजी म्हणाला.

अठरा दिवसांनी, एक नोव्हेंबर १९५६ला, राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला जाणार होती, वीजखात्याची कागदपत्रंही. आज रद्द झालेला परवाना तिथल्या दफ्तरात कोण शोधणार, परत कोण देणार? आणि नव्या वीजखात्यात या भागासाठी एकाच परवानाधारक वायरमनची जागा होती.

नत्थूजीने मेन स्विच बंद केला. भट्टीमागचा पत्रा उघडला. आतल्या तापणाऱ्या तारेची, म्हणजे कॉइलची, दोन टोकं दोन पितळी स्क्रूंनी बाहेरच्या वायरींना जोडली होती. एक जोड जळून काळा पडला होता. कॉइलचं टोक तुटलं होतं. वायरचं आवरण स्क्रूपासून चार बोटं जळालं होतं, पुढे ते कोरं होतं.

"साहेबांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "भार जास्त झाला असता तर वायर सारीच भाजली असती. स्क्रूच ढिला होता."

मुकुंद हसला. "कबूल केलं पाहा!"

नत्थूजी दुसऱ्या स्क्रूकडे वाकला. बराच वेळ पाहत राहिला. मग भट्टीवाल्याकडे वळला.

"चिंधू, अष्टमीला भट्टी चालली?"

"दिवसभर जी. कुरकुर नाही. मले तं लाकडाचीच बरी वाटते, पण खोटं काहून बोलू?"

"नवमीला?"

"बंद. हत्यारांची पूजा होती ना. म्या माझ्या पाव काढायच्या लाकडी फावड्याले फूल वाहिलं."

"कोण आलं होतं?"

"मुकुंदभाऊ आले होते, पूजेचा प्रसाद घेऊन. म्या पाणी भरत होतो विहिरीवर."

"बाई, तुम्ही कशाची पूजा केली?"

"तराजूची," उर्मिलाबाई म्हणाल्या. "दरवर्षी तेच करते."

"साहेब, इकडे या. हा चांगला राहिलेला स्क्रू पाहा. खाचेत काय दिसते?"

भगवंतराव वाकले. "लाल आहे काहीतरी. कुंकू?"

"कुंकूच. कोणी पेचकसाला कुंकू लावलं अन् त्याच पेचकसानं हा स्क्रू फिरवायला गेलं. दोन्ही ढिले करायचे होते. हा घट्ट होता, तो एकच झाला."

"मग तुमचंच कुंकू!" मुकुंद ओरडला. "तुमच्याच पेचकसाचं! पूजा काय मीच एकटा करतो?"

नत्थूजीने पिशवी जमिनीवर रिकामी केली. पेचकस, पक्कड, टेस्टर. सगळं तेलकट, काळं. कुंकवाचा टिपका कुठेच नव्हता.

"आमच्या घरी यंदा पूजा नाही, मुकुंद. वर्षभर सण नाही. कुंकवाचा करंडाच उघडला नाही मी. अन् मी भट्टी दुरुस्त केली सप्तमीला. पूजा नवमीची. चिंधूचं फावडं लाकडाचं, बाईंचा तराजू. कुंकू लावलेला पेचकस इथे एकाचाच."

मुकुंदचा हात खिशाकडे गेला.

"काढ," भगवंतराव म्हणाले.

पेचकसाच्या मुठीवर कुंकवाचं बोट होतं. पात्यावर पुसलेला लाल डाग.

"पूजेचं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलू नाही म्हणतात," चिंधू पुटपुटला. "यानं त्याच दिवशी उचललं."

"एकच जागा होती," मुकुंद खाली पाहून म्हणाला. "यांना आता कशाला पाहिजे? घरी आहे कोण?"

भगवंतरावांनी कागदाची घडी घातली. "झालं ते झालं, नत्थूजी. हा कागद मी फाडून टाकतो. गोष्ट इथंच मिटवू."

"फाडू नका. त्यावरचं खोडा, अन् खरं काय झालं ते लिहा. त्याचं नाव, माझं नाव. मग भोपाळला पाठवा."

"पोराचा जन्म वाया जाईल."

"माझा चालला होता तेव्हा मी यायच्या आधीच तुमच्या कागदावरची शाई वाळली होती, साहेब."

भगवंतरावांनी टाक उचलला. नत्थूजी खांद्यामागे उभा राहून प्रत्येक ओळ वाचत होता.