चाकाला बांधलेला पटका

काकतीच्या शाळेत मी तेव्हा मास्तर होतो. एकोणीसशे अडतीस साल असावं. मार्गशीर्ष सरत आला होता आणि माझ्या बायकोचं वर्षश्राद्ध परवावर आलं होतं. घरात पोतंभर भात पडलं होतं, पण कांडलेला तांदूळ ओंजळभरही नव्हता. ती असताना अशा गोष्टी माझ्यापर्यंत येतच नसत.

म्हणून टांगेवाल्याला गाठलं, पोतं टाकलं आणि भर दुपारी गावाबाहेरच्या गिरणीवर गेलो. टांगेवाला पोतं उतरवून लगेच परतला. त्या दिवशी अमावास्या होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आमच्याकडे अमावास्येला बैल जुंपत नाहीत, तशी गिरणीही चालवत नाहीत. इंजिनाची कामं मात्र त्याच दिवशी काढतात. मालक बेळगावला गेलेला. गिरणीत जोतिराम फिटर एकटाच होता.

"आज बंद असती, मास्तर. अमावशा न्हवं का."

"परवा श्राद्ध आहे, जोतिराम."

मग पोतं त्यानेच ओढून आत घेतलं. "असू दे. बेरिंग बसवलं की इंजन चालवून बघायचंच हाय. पैलं तुमचंच भात घालतो. बसा."

इंजिनाची खोली पत्र्याची, बिनखिडकीची. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत पाऊल टाकलं की अंधार. कोंड्याचा आणि जळक्या तेलाचा वास. मधोमध इंजिनाचं मोठं चाक उभं होतं. त्याचा वरचा अर्धा भाग माझ्या डोक्याच्या वर जाई, खालचा अर्धा जमिनीतल्या खड्ड्यात. खड्ड्यावरच्या फळ्या काढलेल्या होत्या आणि लोखंडी शिडी आत सोडलेली होती. बिघडलेलं बेरिंग खाली, त्या चाकाला अगदी खेटून होतं.

जोतिरामने चाकाखाली लाकडी पाचर ठोकली. मग डोक्यावरचा पांढरा पटका सोडला, चाकाच्या आऱ्यातून ओवला आणि भिंतीतल्या कडीला घट्ट बांधला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पाचर चाकाला अडवायला, पटका माणसाला अडवायला." त्याने टकलावरून हात फिरवला. "बायको म्हणती, देवळात जाताना पटका गावत न्हाय, अन् इंजनाला मुंडासं बांधून येतोस. पर चाकाला पटका दिसला की समजायचं, खड्ड्यात माणूस हाय. कुणी इंजनाला हात लावायचा न्हाय. अन् पटका ज्याचा त्यानंच सोडायचा, वर आल्यावर. मालक आला तरी त्यानं न्हाय सोडायचा."

"इंजिन तर बंद आहे."

"बंद हाय, मेल्यालं न्हाय. सकाळी चालवून बघितलं तवाची हवा आत दाबून बसलीय. सोडायची तोटी काजळीनं धरलीय, फिरंना झालीय. ती हवा कवा चाकाला ढकलंल, सांगता येत न्हाय. ढकललं तर खालच्या माणसाला जागा न्हाय. तेवढं ध्यान ठेवा, मास्तर."

कंदील घेऊन तो खाली उतरला. मी पोत्यावर बसलो. खालून हातोडीचे ठोके येऊ लागले. ठोका पडला की पत्रा बारीक थरथरे. मधेच जोतिराम बेरिंगला शिवी हासडी. मला ते बरं वाटत होतं. घरात वर्षभर कुणाचा आवाज नव्हता.

दारातला उजेड कमी झाला म्हणून मी वर पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ उभे होते. काळा कोट, धुवट धोतर. पाहुणा म्हणून कुठे निघावं तसे नीटनेटके. त्यांच्या अंगाला डांबरगोळीचा वास येत होता, पेटीत फार दिवस ठेवलेल्या कापडाला येतो तसा.

"कोण पाहिजे, आप्पा?"

"जावई." ते हळू बोलत होते. "खाली हाय न्हवं?"

जोतिरामचे सासरे आले असावेत असं मला वाटलं. "आहे. बेरिंग बसवतोय. येईल इतक्यात."

"उघड्या डोक्यानं गेलाय…" असं म्हणत ते आत आले आणि माझ्याकडे पाठ करून चाकापाशी उभे राहिले. त्यांचे कोपर हलताना दिसले. गाठीशी काहीतरी चाललं होतं.

मी उठलो. "आप्पा, त्याला हात लावायचा नाही. जोतिरामनं बजावलंय."

"ठावं हाय मला." त्यांनी मान वळवली नाही. "आता ठावं हाय…"

"आप्पा, खाली माणूस आहे."

"व्हय. म्हणूनच."

खालची हातोडी थांबली. म्हातारे खड्ड्याकडे वाकले आणि तान्ह्या मुलाला उठवावं इतक्या मऊ आवाजात म्हणाले, "भरमू… बेतानं ये रं."

खालून उत्तर आलं, "आलो, आप्पा…"

तो आवाज जोतिरामचा नव्हता.

त्याच क्षणी इंजिनाच्या पोटात कुणीतरी दीर्घ श्वास सोडल्यासारखं झालं. पाचर सुटून भिंतीवर आदळली. ते थोरलं चाक सावकाश, अगदी सावकाश, खड्ड्याच्या बाजूला फिरू लागलं. कापड फाटल्याचा आवाज झाला. "जोतिराम, वर ये!" मी ओरडलो आणि म्हाताऱ्यांचा हात धरायला झेपावलो.

माझ्या मुठीत थंड लोखंड आलं. तिथे कुणी नव्हतं.

चाक वीतभर फिरून थांबलं होतं.

जोतिराम शिडीवरून चढला तो जवळजवळ रांगतच. खांद्यावरचा सदरा फाटला होता, चाक तिथवर येऊन टेकलं होतं.

"मास्तर… खाली कुणाला धाडलं व्हतं?"

"कुणाला नाही."

"मग माझ्या पाठीला पाठ लावून कोण बसलं व्हतं?"

मी त्याला म्हाताऱ्यांविषयी सांगितलं. काळा कोट, डांबरगोळीचा वास, आणि भरमू ही हाक. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"भरमू माझ्या आदीचा फिटर," तो म्हणाला. "असाच खड्ड्यात उतरला व्हता. त्येचा सासरा, सुबराव आप्पा, पैल्यांदाच गिरणीवर आलता, सणाला जावयाला न्यायला. बघतोय तर लग्नात आपणच बांधलेला जरीचा पटका त्या तेलकट चाकाला. म्हाताऱ्याला वाटलं, जावयाच्या मानाच्या कापडाची ही दशा. त्येनं सोडला, झटकला, घडी घालून काखेत मारला… अन् चाक फिरलं. भरमू वर आलाच न्हाय."

"मग?"

"आप्पा घरला गेले अन् अंथरूण धरलं. अन्न सोडलं. म्हैनाभरात गेले. पटका शेवटपर्यंत उशाला व्हता म्हणत्यात. आनी काय इचारू नका, मास्तर, मी कुणाला सांगत न्हाय हे."

खोलीत अजून डांबरगोळीचा वास होता. मी म्हटलं, "ते सोडायला आले होते. मी बघितलं. गाठीवर त्यांचे हात होते."

जोतिराम उठला आणि कंदिलाऐवजी काडी पेटवून चाकापाशी गेला. कंदील खालीच राहिला होता. मीही मागोमाग गेलो.

त्याचा पांढरा पटका मधोमध फाटून दोन्हीकडे लोंबत होता. चाकाला तो अडवत नव्हता. चाक अडलं होतं दुसऱ्याच कापडावर. आऱ्यातून कडीपर्यंत ताणलेला, अंजिरी रंगाचा, जरीकाठी पटका. घड्यांच्या रेषा अजून त्यावर स्पष्ट होत्या. गाठ ताजी होती.

काडी विझली. त्याने दुसरी पेटवली. माझा हात कसा पुढे गेला ते सांगता येणार नाही. त्या कापडाला स्पर्श करून पाहावं, एवढंच वाटलं.

जोतिरामने माझं मनगट धरलं.

"सोडू नका, मास्तर," तो कुजबुजला. "ज्याचा त्यानंच सोडायचा. त्यो अजून वर आल्याला न्हाय…"

आम्ही बाहेर पडलो. पोतं तिथेच राहिलं. जाताना जोतिरामने सवयीने खड्ड्यावर फळ्या टाकायला एक फळी उचलली, आत वाकून पाहिलं आणि ती पुन्हा भिंतीला लावून ठेवली. खाली कंदील जळत होता. शिडीही त्याने तशीच राहू दिली.