आवाज कोणाचा ते नमूद करा

अर्ज भरण्यात भिण्यासारखं काय असतं? काहीच नाही. म्हणून तर धाकटा त्या दुपारी जेवून, हात पुसत, निवांत संगणकापुढे बसला. खेळ तयार झाला होता. आता तो ऑनलाइन दुकानात लावायचा, म्हणजे जगातल्या कोणालाही घरबसल्या विकत घेऊन खेळता येईल, एवढंच उरलं होतं. आणि हे 'एवढंच' काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. वर्णन लिहा. लहान चित्र द्या, मोठं द्या, आडवं द्या, उभं द्या. खेळात रक्त आहे का? शिवीगाळ आहे का? लहान मुलं घाबरतील का? मुलगी देतानाही माणसं इतकी चौकशी करत नाहीत.

खेळ दोघा भावांनी मिळून केला होता. चित्रं आणि दारापावलांचे आवाज धाकट्याचे, बाकी सगळं डोकं थोरल्याचं. खेळणारा एका बंद घरात अडकतो आणि सात खोल्या पार करून बाहेर पडतो, असा साधाच खेळ, पण चार वर्षं खाल्ली त्यानं. दुकानातलं खातंही दोघांच्या नावावर होतं. थोरला जाऊन आठ महिने झाले होते. खेळाच्या शेवटी पडद्यावर त्याचं नाव येईल आणि ते आईला दाखवायचं, या एका आशेवर धाकट्यानं उरलेलं काम एकट्यानं रेटलं होतं.

अर्जाच्या तिसऱ्या पानावर प्रश्न होता : खेळात खऱ्या माणसाचा आवाज आहे का? असल्यास कोणाचा ते नमूद करून त्याचं संमतीपत्र जोडा. धाकट्यानं 'नाही'वर खूण केली.

ते खरंच होतं. म्हणजे आवाज आधी होते. या धंद्यात रीतच आहे, की खरा नट मिळेपर्यंत करणारेच आपल्या आवाजात वाक्यं बोलून ठेवतात. थोरला त्यासाठी कपड्यांच्या कपाटात जाऊन बसायचा, बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून, आणि घामानं निथळत बाहेर यायचा. तो गेल्यावर ती वाक्यं ऐकणं धाकट्याला झेपेना. त्यानं एकेक करून सगळी पुसली आणि त्यांच्या जागी नुसती अक्षरं ठेवली. त्या कामाला त्याला महिना लागला.

पाच दिवसांनी दुकानाच्या तपासनीसाचं उत्तर आलं. खेळ दुकानात लावण्याआधी हा माणूस तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून बघतो. आपली भाषा जाणणाराच होता. त्यानं लिहिलं होतं : नामंजूर. सातव्या खोलीत, दार बंद झाल्यावर, एका पुरुषाचा आवाज येतो. संमतीपत्र जोडलेलं नाही.

एखादं वाक्य पुसायचं राहिलं असेल, असं म्हणून धाकट्यानं सगळं पालथं घातलं. काही सापडलं नाही. मग हेडफोन लावून तो स्वतः सातव्या खोलीपर्यंत गेला. दार बंद झालं. संगणकाचा पंखा घरघरत होता, तापलेल्या धुळीचा वास येत होता. खोलीत मात्र टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. तपासनीसबुवांचे कान वाजत असावेत. सातव्या खोलीतले पावलांचे, दाराचे, होते नव्हते तेवढे सगळे आवाज काढून टाकून त्यानं खेळ पुन्हा पाठवला.

पुन्हा नामंजूर. या वेळी तपासनीसानं शब्दही लिहून पाठवले होते.

'अरे... जरा इकडे ये.' यानंतर बराच वेळ शांतता. मग, 'ऐकतोयस ना?'

 हे वाक्य खेळात कधीच नव्हतं.

आता त्या दिवसाबद्दल सांगायला हवं. असाच दुपारचा अडीचचा सुमार. आई बाजारात गेली होती. थोरला बरं वाटत नाही म्हणून आतल्या खोलीत पडला होता आणि मधल्या भिंतीपलीकडे धाकटा कानांना हेडफोन लावून खेळातल्या पावलांचा आवाज जुळवत बसला होता. लाकडावरची पावलं, फरशीवरची पावलं, पुन्हा लाकडावरची. उठला तेव्हा थोरला गार पडला होता. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. अर्ध्या तासात आणलं असतं तर, एवढं बोलून ते थांबले.

आईनं त्याला एकच गोष्ट विचारली होती. त्यानं हाक मारली होती का? धाकटा म्हणाला, झोपेतच गेला गं. मारली असती तर मला ऐकू आली नसती का?

त्या वाक्यावर आई जगत होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची, झोपेत गेला, त्रास झाला नाही लेकराला. सांगताना तिचा चेहरा किंचित निवायचा. आणि धाकटा दर वेळी मान खाली घालून बसायचा. कारण त्यानं खोटं सांगितलं होतं असंही नाही. खरं काय ते त्यालाच माहीत नव्हतं.

त्यानं खेळातला आवाज हा प्रकारच काढून टाकला. खेळ आता दगडासारखा मुका झाला होता. तिसऱ्यांदा पाठवला, आणि पाच दिवस उत्तराची वाट बघत काढले.

उत्तर आलं : नामंजूर. आवाज आता सगळ्या खोल्यांत ऐकू येतो. खाली, नियमाला सोडून, एक ओळ होती. 'विचारू नये, तरी विचारतो. हे बोलणारे गृहस्थ बरे आहेत ना?'

 धाकट्यानं लिहिलं, 'मला काहीच ऐकू येत नाही. ते जे जे म्हणतात ते सगळं मला लिहून पाठवाल का?'

तपासनीस भला माणूस असावा. त्यानं दुसऱ्याच दिवशी सगळं लिहून पाठवलं. आधी नुसत्या हाका होत्या. मग पाणी मागितलं होतं. मग, 'छातीत कसंतरी होतंय रे... कान मोकळे कर ना.' मग पुन्हा हाका, प्रत्येक हाकेपुढे वेळ लिहिलेली. शेवटी तपासनीसानं लिहिलं होतं की आवाज एकूण चाळीस मिनिटांचा आहे आणि त्यातली शेवटची अकरा नुसता श्वास आहे.

चाळीस मिनिटं.  धाकट्यानं ते पत्र छापून घेतलं नाही, जपून ठेवलं नाही, पुन्हा वाचलंही नाही. आता थोरल्याचं नाव पडद्यावर येण्याची गरज नव्हती. हा खेळ कोणी खेळता कामा नये, आईच्या कानांवर त्यातलं अक्षरही पडता कामा नये, बस्स. त्यानं खात्यात जाऊन 'अर्ज मागे घ्या' हे बटण दाबलं. खात्री करायची म्हणून पुन्हा उघडून पाहिलं. अर्ज मागे घेतला गेला होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी तो काही कामासाठी बाहेर गेला होता. रस्त्यातच फोनवर दुकानाचा निरोप आला. 'अभिनंदन. अर्ज मागे घेण्याची विनंती तुमच्या भागीदारांनी आज दुपारी अडीच वाजता रद्द केली. आवाजाचं संमतीपत्रही त्यांच्या सहीनं मिळालं. खेळ मंजूर असून विक्रीला लागला आहे.'

तो रस्त्यावरून धावत सुटला. जिना चढताना एक चप्पल सुटली ती त्यानं तशीच सोडली.

दार उघडंच होतं. आत औषधी मलमाचा जुना वास येत होता, थोरला छातीला लावायचा त्याचा. आई संगणकापुढे बसली होती. तिनं आयुष्यात कधी त्या यंत्राला हात लावला नव्हता. पडद्यावर सातवी खोली होती, दार बंद. खोलीत चिटपाखराचाही आवाज नव्हता, आणि आई मान एका बाजूला कलती करून ऐकत होती.

"हो रे बाळा..." ती हळूच म्हणाली. "आले. आले हं..."

"आई," धाकटा म्हणाला. "बंद कर ते."

आईनं वळून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. आठ महिन्यांत जे थोडंफार निवलं होतं तेवढं मात्र पुसून गेलं होतं. तिचे ओठ हलले. काहीतरी छोटंसं विचारलं तिनं. धाकट्याला ते ऐकू आलं नाही. रडून रडून घसा बसला असेल असं त्याला वाटलं. त्यानं जवळ जाऊन पुन्हा विचारलं. ओठ पुन्हा तसेच हलले.

त्या दिवसापासून आईचा शब्द त्याच्या कानांवर पडला नाही. नळाचं पाणी ऐकू यायचं, खालच्या रस्त्यावरच्या गाड्या यायच्या, तिच्या बांगड्या वाजलेल्याही ऐकू यायच्या. शेजारीण येऊन बसली की दोघींच्या गप्पांतली शेजारणीची बाजू तेवढी त्याला कळायची. कानांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, कान ठणठणीत आहेत. आई दिवसातून एकदा, दुपारी, त्याच्या दारात येऊन उभी राहायची आणि ओठ हलवायची. मग उत्तराची वाट बघायची आणि निघून जायची. तो हातवारे करून, रडून, पाया पडून सांगायचा की मला ऐकू येत नाही गं. हे ऐकून मात्र ती त्याच्याकडे अशी बघायची, जणू हे त्यानं एकदा आधीही सांगितलं होतं.

खेळ बरा खपत होता. लोक सातव्या खोलीबद्दल भरभरून लिहीत होते. धाकटा ते वाचत नसे.

बाराव्या दिवशी दुपारी तपासनीसाचं पत्र आलं. नेहमीसारखंच अदबीनं लिहिलेलं. 'तक्रार नाही, फक्त कळवतो. कालपासून सातव्या खोलीत त्या गृहस्थांचा आवाज येईनासा झाला आहे. त्यांच्या जागी आता एक वयस्कर बाई बोलतात. वाक्य एकच आहे, पुन्हा पुन्हा तेच. तुम्हाला ऐकू येत नाही असं मागे लिहिलं होतंत, म्हणून खाली लिहून देत आहे.'

धाकट्याला मागे बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. त्यानं वळून पाहिलं नाही. तो खालची ओळ वाचत होता.

'तू घरातच होतास ना रे?'