हंगामातली पहिली लस

सिस्टर गाडीच्या काचेवर मुठीने धडाधड ठोकत होती आणि आत बसलेला माणूस तिच्याकडे टक लावून बघत होता. तो बघत नाहीये हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा तिने दगड उचलला.

काच फुटली, दार उघडलं. तिने दवाखान्यातून अॅड्रेनलिन आणून मांडीत टोचलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. काही उपयोग झाला नाही. फ्लूच्या हंगामातली दवाखान्यातली पहिली लस घेतलेला माणूस दवाखान्याच्याच मागच्या आवारात, मेहुण्याच्या गाडीत, गुदमरून मेला होता.

थोड्याच वेळात डिंकबाई तिथे पोचल्या. हे त्यांचं खरं नाव नव्हे. पोलीस ठाण्यातले लोक या इन्स्पेक्टरबाईंना पाठीमागे तसं म्हणत, कारण त्यांनी एखादा प्रश्न चिकटवला की तो काही केल्या निघत नसे. बाईंना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्या वाकून बघू लागल्या. डाव्या दंडावर वाटोळी पट्टी. पट्टीखाली कातडी स्वच्छ, ना सूज ना लाली. ओठ मात्र टम्म फुगलेले, जीभ दातांत मावत नव्हती. मिशीत तपकिरी फेस वाळला होता.

"श्वास कोंडला की येतो फेस," मागून डॉक्टर म्हणाले.

"तपकिरी?"

डॉक्टरांनी खांदे उडवले. बाईंनी तो फेस खरवडून कुपीत घ्यायला लावला. कोटाच्या आतल्या खिशात चष्मा होता, रुमाल होता. बस्स.

मेहुणा फाटकाला टेकून हमसून हमसून रडत होता. धिप्पाड गडी, धंद्याने बांधकाम कंत्राटदार.

"दाजींना अंडं चालत नव्हतं हो! केकचा तुकडा तोंडात गेला तरी घसा सुजायचा. आणि ही लस अंड्यातच वाढवतात, शाळेतलं पोरगंही सांगेल. मी बजावलं होतं त्या सिस्टरला."

"मग लस घ्यायला आणलंत कशाला?"

"दमा होता ना. गेल्या थंडीत फ्लूने मरता मरता वाचले. ताई हात धुऊन मागे लागली होती, या वर्षी घ्याच म्हणून."

"दाजी गाडीत होते तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"समोर औषधाच्या दुकानात. त्यांचा दम्याचा पंप आणायला."

"आणि गाडीला कुलूप?"

"सवय हो. हात आपोआप जातो." त्याने डोळे पुसले. "मला काय ठाऊक, आत काय चाललंय ते!"

दवाखान्यासमोर एव्हाना माणसं जमली होती. कुणीतरी ओरडलं, "त्या बाईला बाहेर काढा!" लस घ्यायला आलेली दोन म्हातारी जोडपी परत फिरली. ठाण्यातून साहेबांचा फोन आला. संध्याकाळपर्यंत नर्सला आत घ्या, म्हणजे गाव शांत होईल.

सिस्टर लशीच्या फ्रिजला पाठ लावून बसली होती. तिच्या हातावर काच लागून रक्त आलं होतं आणि ते पुसायचं तिला सुचलं नव्हतं.

"मला अटक करणार का?" तिने विचारलं.

"अजून ठरलं नाही. त्यांना अंडं चालत नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"त्यांच्या फाइलवरच लाल शाईने लिहिलंय. त्यांच्या मेहुण्यांनी एक अक्षर सांगितलं नाही."

"मग टोचलीस कशी?"

"त्यांच्यासाठी डॉक्टरांनी वेगळी लस मागवली होती. अंड्याशिवाय बनवलेली. वरच्या कप्प्यात ती, खालच्या कप्प्यात नेहमीची. मी वरची घेतली. खोक्यावरचं नाव दोनदा वाचलं. टोचायच्या आधी विचारलं, अॅलर्जीचं पेन आणलंय ना?"

"कसलं पेन?"

"पेनासारखं इंजेक्शन असतं. घसा सुजायला लागला की मांडीत खुपसायचं. त्यांनी खिशातून काढून दाखवलं मला, परत ठेवलं. मग कोट काढला. मेहुण्यांनी तो हातात धरला."

"त्यांच्या खिशात असलं काही नाही."

सिस्टरने मान वर केली. "होतं. मी बघितलं."

"पुढे?"

"लस दिल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतो आम्ही. ते खिडकीजवळ बसले. मेहुण्यांनी बाटलीतून काहीतरी प्यायला दिलं. मग म्हणाले, इथे उकडतंय, गाडीत बसू. मी नको म्हटलं. तेवढ्यात फोन वाजला, मी वळले, आणि बघते तर दोघं गेलेले. मनाला काही ते पटेना. म्हणून मागे बघायला गेले."

डॉक्टरांनी वेगळ्या लशीची गोष्ट मान्य केली. पण कशी, तर अंग चोरून.

"खरं सांगायचं तर अंड्यात वाढवलेली लससुद्धा हल्ली अशा माणसांना देतो आम्ही. अंड्याचा नुसता लवलेश असतो तिच्यात. पण त्यांच्या मनात भीती घर करून बसली होती. म्हणून मी दुसरी मागवली. घरी सांगू नका म्हणाले, भित्रा म्हणून चिडवतील. आता सिस्टरने कुठली टोचली, ते तिलाच ठाऊक."

"एवढी वर्षं तुमच्याकडे आहे ती?"

"आहे. पण माणूस चुकतोच ना."

डिंकबाईंना हा माणूस त्या क्षणी मनापासून आवडला नाही. त्यांनी वापरलेल्या सुया टाकायचा डबा मागितला. जाड प्लास्टिकचा, पिवळा, सकाळीच नवा लावलेला. पहिल्या लशीनंतर काम बंदच पडलं होतं. हातमोजे घालून त्यांनी झाकण कापलं. आत एकच सिरिंज होती, तिच्यावरची चिठ्ठी शाबूत.

डॉक्टरांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"वरच्या कप्प्यातली," ते हळूच म्हणाले. "अंड्याशिवायची."

"हे तुम्ही सकाळीच तपासू शकला असतात," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सिस्टरला अटक झाली नाही. साहेबांनी फोनवर आवाज चढवला. बाईंनी फोन कानापासून जरा लांब धरला.

दुसऱ्या दिवशी त्या मृताच्या घरी गेल्या. घर नीटनेटकं होतं. भिंतीवर नकाशे होते, पुलांचे, इमारतींचे. नोकरीत असताना तो माणूस इमारतींची तपासणी करायचा, आणि कच्चं काम त्याने कधी पास केलं नव्हतं. त्याची बायको ताठ बसली होती. धाकटा भाऊ, म्हणजे तोच मेहुणा, आत स्वयंपाकघरात होता. भांड्यांचा आवाज येत होता.

"ती बाई मोकळी फिरतेय," बायको म्हणाली. "माझ्या माणसाला मारून."

"निघताना त्यांच्याबरोबर काय काय होतं?"

"चष्मा, रुमाल, पेन. तिन्ही मीच आतल्या खिशात घालते. रोज. दारात उभं राहून." ती थांबली. "घातलं असंच वाटत होतं मला. भाऊ ती बातमी घेऊन आला, माझ्यासाठी पाणी आणायला उठला, तर म्हणाला, ताई, पेन तर इथे खणातच आहे. बघते तर खरंच. मीच विसरले. एवढ्या वर्षांत एकदा विसरले, आणि..." पदर तोंडाशी गेला.

सिस्टरला गावभर खुनी म्हणत सुटलेली ती हीच होती. आणि तिला आतून काय खात होतं, ते डिंकबाईंना आत्ता दिसलं.

"बरोबर खायला-प्यायला काही दिलं होतंत? बाटली वगैरे?"

"नाही. बाहेरचं ते पाण्याशिवाय काही घ्यायचेच नाहीत. माझ्या नाहीतर भावाच्या हातचं तेवढं. लस घेऊन जेवायला घरीच येणार होते."

"एवढ्यात तपासणीचं, कोर्टाचं काही काम होतं त्यांना?" भिंतीवरच्या नकाशांकडे बघत बाईंनी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात कोर्टात साक्ष होती. शाळेचा जिना कोसळला ना, पोरं चिरडली, त्याची. काय सांगणार ते मला बोलले नव्हते. फक्त म्हणाले, तुला त्रास होईल, पण मला खरंच बोलावं लागेल."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता.

शवविच्छेदनाचा अहवाल आला त्या दुपारी बाईंनी चौघांना दवाखान्यात बोलावलं. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. लस घ्यायला कुणी येत नव्हतं. मृताची बायको सिस्टरकडे पाठ करून बसली. मेहुणा तिच्या खुर्चीमागे उभा राहिला, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

"मृत्यू अॅलर्जीने झाला," बाईंनी सुरुवात केली. "अंड्यानेच."

"मी काय म्हणत होतो!" मेहुणा गरजला.

"पण लशीत अंडं नव्हतं. सिरिंज आमच्याकडे आहे. सूज दंडाला नव्हती, ओठांना आणि जिभेला होती. म्हणजे अंडं सुईतून गेलं नाही, तोंडातून गेलं. मिशीतला फेस आम्ही तपासून घेतला. कोल्ड कॉफी होती ती, आणि तिच्यात अंड्याच्या पांढऱ्याची पूड घुसळलेली. व्यायाम करणारी पोरं पितात ना, तीच. पोटातही तेच मिळालं."

बायकोने हळूहळू मान वळवली. "कॉफी कुणी दिली?"

"बाटली यांच्या हातात होती, सिस्टरने पाहिलंय."

"ती काय वाट्टेल ते सांगेल!" मेहुणा म्हणाला. "स्वतःची मान सोडवायची आहे तिला!"

"खरंय. म्हणून मी तिच्या एकटीच्या शब्दावर गेले नाही." बाई बायकोकडे वळल्या. "तुम्ही म्हणालात, पेन मी दारात खिशात घातलं. ही म्हणते, टोचायच्या आधी त्यांनी ते खिशातून काढून मला दाखवलं. तुम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघायला तयार नाही. तुम्ही उभ्या गावात हिला खुनी म्हटलंत. तरी दोघी एकच गोष्ट सांगताय. पेन दवाखान्यात आलं होतं."

"पण ते खणात..."

"तुम्ही विसरला नव्हतात. दंडावर सुई टोचेपर्यंत कोट कुणाच्या हातात होता? आणि पेन खणात मिळायच्या आधी तुमच्या घरात कोण आलं होतं?"

मेहुण्याचा हात तिच्या खांद्यावरून निघाला.

"पेन फेकून दिलं असतं, तर ते गेलं कुठे, असं आम्ही विचारलं असतं. खणात मिळालं की घरीच विसरलं म्हणून सगळे हळहळणार. डोकं चांगलं चालवलंत. सगळं खापर लशीवर फुटेल याचीही पक्की खात्री होती तुम्हाला. लस अंड्यात वाढवतात, हे तुम्ही कुठेतरी ऐकलेलं. डॉक्टरांनी दुसरी मागवली, हे मात्र दाजींनी लाजेपायी घरात कुणाला सांगितलं नाही. तिथे तुमचं गणित चुकलं. पंधरा मिनिटं ते या खुर्चीत बसले असते, तर सिस्टरने त्यांना वाचवलं असतं. म्हणून तुम्ही त्यांना गाडीत नेलंत, कुलूप लावलंत आणि निघून गेलात. पुडीचा डबा तुमच्या साइटवरच्या ऑफिसात सापडलाय."

"पण का?" डॉक्टरांच्या तोंडून निघालं.

"शाळेचा तो जिना यांनी बांधलाय. सळया निम्म्याच घातल्या होत्या. दाजी कोर्टात ते सांगणार होते."

मेहुण्याने एकदा दाराकडे पाहिलं. दारात दोन शिपाई उभे होते.

"ताई," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला. "मी कितीदा पाया पडलो त्यांच्या. घरचा माणूस म्हणून एकदा डोळे मिटा म्हटलं. ऐकलंच नाही गं त्यांनी. मी आत गेलो असतो, माझी पोरं उघड्यावर आली असती."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. शिपायांनी त्याला बाहेर नेलं, तो पुन्हा "ताई" म्हणाला, तरी ती बघतच राहिली. मग उठायला गेली आणि तिचा तोल गेला. सर्वांत जवळ सिस्टर होती. तिने दोन्ही हातांनी तिला धरलं, खुर्चीत बसवलं आणि पुढ्यात उकिडवी बसून तिची नाडी बघू लागली.

"मी तुला नाही नाही ते बोलले," बायको म्हणाली.

"ते राहू द्या. पाणी घेता का?"

तिने मान हलवली. बराच वेळ ती आपल्या हातांकडे बघत होती. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली,

"काल रात्री जेवत नव्हता. दाजींच्या आठवणीने घास उतरत नाही म्हणाला. मीच शेजारी बसले. आपल्या हाताने भरवलं त्याला."